पाच किलोची वाट बघू नका, आधी ऑपरेशनची तारीख घ्या

पत्र, थोडं संक्षेपानं:

"माझी मुलगी ९ आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होती, आता ३ किलो ३०० आहे. गेल्या पंधरवड्यात तर जेमतेम ८० ग्रॅम वाढली. तिला डाउन सिंड्रोम आहे आणि इकोच्या रिपोर्टात 'कम्प्लीट एव्ही कॅनाल' लिहिलंय. अंगावर प्यायला पाऊण तास लागतो, कपाळ घामानं भिजतं आणि अर्ध्यातच झोपून जाते. चिठ्ठीत फ्युरोसेमाइड ३ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आहे, पण गावात ४० ची गोळीच मिळते. तिचा बारीक तुकडा चमच्यात चुरून देते. इथले डॉक्टर म्हणतात, ५ किलो झाली की मुंबईला न्या. सासूबाई म्हणतात, वर्षाची होऊ दे, अंगात ताकद येऊ दे. एक नातेवाईक म्हणाले, अशा मुलीवर एवढा खर्च कशाला. नर्सताईंनी हृदयाचं बाळ म्हणून दीड महिन्याचे डोस दिले नाहीत. वजन कसं वाढवू? थांबू की नको? आणि पुढच्या आठवड्यात बारसं आहे, ते करू का?" — एक आई, लातूर जिल्हा

ताई,

तुमच्या प्रश्नांआधी गोळीचं बोलू. ते आजच दुरुस्त होण्यासारखं आहे.

फ्युरोसेमाइड म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध. ४० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे १० मिलिग्रॅम, चिठ्ठीतल्या मात्रेच्या तिप्पट. 'बारीक तुकडा' एका वेळी २ मिलिग्रॅमचा निघतो, पुढच्या वेळी ७ चा. कमी गेली तर छातीत पाणी साठून धाप वाढते, जास्त गेली तर लघवीवाटे पाणी आणि क्षार निघून जातात, बाळ मलूल होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. या औषधाचं द्रव रूप मिळतं, १ मिलिमध्ये १० मिलिग्रॅम असलेलं. लातूरच्या मोठ्या मेडिकलमधून मागवून घ्या. त्यातून ३ मिलिग्रॅम म्हणजे ०.३ मिलि. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावा, कारण ०.३ च्या जागी ३ मिलि दिलं की दसपट मात्रा जाते, आणि ही चूक चांगल्या शिकलेल्या घरांतही होते. बाटली हातात आली की तिच्यावरची ताकद वाचून डॉक्टरांना फोनवर सांगा आणि मिलिचा आकडा त्यांच्याकडून पक्का करून घ्या.

द्रव औषध येईपर्यंतची सोय अशी. १० मिलिच्या सिरिंजनं उकळून गार केलेलं १० मिलि पाणी मोजून वाटीत घ्या. त्यात अख्खी गोळी विरघळू द्या. आता १ मिलिमध्ये ४ मिलिग्रॅम झाले, म्हणजे ३ मिलिग्रॅमसाठी ०.७५ मिलि. ही गोळी पाण्यात पुरती विरघळत नाही, भुकटी तळाशी बसते. म्हणून ढवळल्या ढवळल्या १ मिलिच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या आणि उरलेलं फेकून द्या. सकाळचं पाणी संध्याकाळी वापरू नका. सिरिंज साधी, मिलिच्या खुणांची हवी. इन्सुलिनची नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि तिथं घोळ होतो. सुई आणि टोपण आधी काढून टाका, आणि औषध गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडा. ओकली म्हणून स्वतःच्या मनानं दुसरा डोस देऊ नका. पुढे डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध सुरू झालं तर ही गोष्ट दुपटीनं पाळा. आणि वजन वाढेल तशी मात्रा बदलावी लागते, दर भेटीत विचारा.

आता थांबायचं की नाही. थांबू नका. आम्ही इतकं ठाम का म्हणतोय, ते सांगतो.

कम्प्लीट एव्ही कॅनाल म्हणजे तुमच्या मुलीच्या हृदयात वरच्या दोन आणि खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत मध्यभागी नाही, आणि दोन वेगळ्या झडपांच्या जागी एकच सामाईक झडप आहे. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण पाइप फुटलेला, निम्म्याहून जास्त पाणी परत विहिरीतच पडतंय, असं समजा. मोटर तापते, बिल चढतं आणि शेत कोरडंच राहतं. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त अंगाकडे जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसाकडे वळतं. जन्मताना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, त्या सैल व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. म्हणूनच पहिला महिना बरा जातो आणि 'आधी तर चांगली होती' असं वाटतं. वाहिन्या सैल झाल्या की त्या बाजूला रक्ताचा लोंढा सुरू होतो. तुम्ही लिहिलेला घाम, धाप, अर्ध्यात झोपणं, सगळं त्या लोंढ्याचं आहे.

म्हणजे वजन वाढत नाही म्हणून ऑपरेशन लांबवायचं, आणि हृदय दुरुस्त होत नाही म्हणून वजन वाढायचं नाही. हा फेरा आहे. हिशेब मांडून बघा. ३ किलो ३०० चे ५ किलो व्हायला १७०० ग्रॅम हवेत. १४ दिवसांत ८० ग्रॅम म्हणजे दिवसाला ६ ग्रॅमही नाही. या वेगानं ५ किलो व्हायला जवळजवळ १० महिने लागतील आणि लेक वर्षाची होईल. इकडे कम्प्लीट एव्ही कॅनालचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात व्हायला हवं. औषधं देऊनही बाळ वाढत नसेल तर त्याहून लवकर. अनुभवी केंद्रांत साडेतीन-चार किलोच्या बाळांची ही दुरुस्ती नेमानं होते. एवढंही वजन नसेल किंवा दुसरी काही अडचण असेल, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला पट्टी बांधून लोंढा तात्पुरता कमी करतात आणि पूर्ण दुरुस्ती नंतर करतात. त्याला बँडिंग म्हणतात. यातलं काय करायचं ते शल्यविशारद ठरवतील, पण ते ठरवायला बाळ त्यांच्यासमोर या महिन्यात पोचलं पाहिजे.

एक फसवी गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण डाउन सिंड्रोमच्या बाळांत ती लवकर घडते. जोराचा मारा सोसून सोसून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. मग लोंढा आपोआप घटतो. धाप कमी होते, घाम थांबतो, दूध चांगलं जातं, वजनही चढायला लागतं. घरातले म्हणतात, बघा, सांगितलं नव्हतं, ताकद आली! प्रत्यक्षात ऑपरेशनचं दार बंद व्हायला लागलेलं असतं. वाहिन्या पुरत्या कडक झाल्या की अशुद्ध रक्त उलट्या दिशेनं जातं, ओठ-नखं निळसर होतात, आणि त्या अवस्थेत भोक बुजवलं तर जीव धोक्यात येतो. तेव्हा चौथ्या-पाचव्या महिन्यात ऑपरेशनाविनाच मुलगी एकाएकी 'सुधारली', तर पेढे वाटू नका, लगेच इको करून घ्या. सासूबाईंनाही हे असंच समजावा. त्यांचं म्हणणं मायेचं आहे, आणि दुसऱ्या एखाद्या आजारात ते बरोबरही ठरलं असतं. लहान भोकं कितीतरी बाळांत आपोआप बुजतात. एव्ही कॅनाल बुजत नाही.

नातेवाइकांना एवढंच सांगा की डाउन सिंड्रोम आहे म्हणून या ऑपरेशनचा निकाल वाईट लागतो, असं नाही. उलट, ऑपरेशननंतर डावी झडप गळते म्हणून पुन्हा ऑपरेशन करायची वेळ डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर तुलनेनं कमी येते, असं दिसून आलेलं आहे. बाकी त्यांच्याशी वाद घालण्यात तुमची ताकद घालवू नका.

वजनाकडे वळू. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं. तुमच्या मुलीकडून ऑपरेशनपर्यंत १५ ते २० मिळाले तरी आम्ही खूश. तिला किलोमागे १३० ते १५० उष्मांक लागतील, म्हणजे दिवसाला सुमारे ४३० ते ४९०. आईच्या १०० मिलि दुधात साधारण ६७ उष्मांक असतात. नुसत्या दुधावर ही गरज भागवायची तर रोज ६४० मिलिच्या वर पाजावं लागेल. अर्ध्यात दमून झोपणारं बाळ बहुधा ४०० च्या आसपासच थांबतं. म्हणजे मिळाले २७० उष्मांक. तुमचं दूध कमी नाही की पातळही नाही, ते ओढायची ताकद तिच्यात नाही, आणि ओढतानाच कमावलेलं खर्च होतंय.

म्हणून पाऊण तास पाजणं बंद. अंगावर २० मिनिटं, फार तर २५. राहिलेलं पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तिला आडवी झोपवून पाजू नका, डोकं वर राहील अशी अर्धवट बसती धरा. डाउन सिंड्रोममध्ये तोंडाचे स्नायू सैल असतात आणि ओठांच्या कडेनं दूध गळतं. अंगठा एका गालावर, पहिलं बोट दुसऱ्या गालावर आणि बाकीची बोटं हनुवटीखाली, असा आधार दिला की चोखणं पुष्कळ सुधारतं. बोंडलं वापरताना घाई नको. धापेतल्या बाळाच्या तोंडात ओतलं की दूध श्वासनलिकेत जातं. तिनं गिळलं, श्वास घेतला, मगच पुढचा थेंब.

दूध काढताना पहिली दोन-तीन मिनिटं येणारं पातळ दूध वेगळ्या वाटीत ठेवा आणि नंतरचं दाट, सायीचं दूध तिला आधी द्या. पैसा लागत नाही आणि उष्मांक वाढतात. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकतं. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात तो हिशेब चालणार नाही, काढलं की फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा.

पुढची पायरी डॉक्टरांना विचारूनच. काढलेल्या १०० मिलि दुधात अडीच ग्रॅम बाळांची दूधपावडर मिसळली की ६७ चे सुमारे ८० उष्मांक होतात. डब्यातला चमचा किती ग्रॅमचा, ते डब्यावर छापलेलं असतं. बऱ्याच डब्यांत तो सव्वाचार-साडेचार ग्रॅमचा असतो, म्हणजे १०० मिलिला साधारण अर्धा चमचा, सपाट, शीग न भरता. पावडर निर्जंतुक नसते आणि आईचं दूध तर उकळता येत नाही, म्हणून पाजायच्या आधीच मिसळा आणि तासाभरात न संपलेलं टाकून द्या. याच्याही वर जायचं तर एमसीटी तेल, म्हणजे पचायला हलकं असं खास तेल, वापरतात, १ मिलिमध्ये साडेसात-पावणेआठ उष्मांक. ते दुधात नीट मिसळूनच द्यायचं. नुसतं तोंडात घातलं आणि फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. सुरुवात थोडक्यानं करा. शी पातळ झाली तर दोन दिवस आधीच्या कमी प्रमाणावर या. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: पावडरीचं दूध करताना ताकद यावी म्हणून पाणी कमी घालणं. फ्युरोसेमाइडवर असलेल्या बाळाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

एवढं करूनही दहा दिवसांत दिवसाला दहा-बारा ग्रॅमच्या पुढं गाडी गेली नाही, किंवा शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० च्या वर असेल, तर नाकातून पोटात नळी घालून पाजावं लागेल. नळी म्हणजे शेवट आला असं गावात समजतात. तसं काही नाही. तोंडानं २० मिनिटांत जाईल तेवढं जाऊ द्यायचं, उरलेलं नळीनं. पहिल्यांदा नळी हॉस्पिटलात घालून घ्या आणि नळी पोटातच आहे याची खात्री कशी करायची ते तिथं हातानं करून शिका. नाकपुडीशी पेनानं खूण करून ठेवा. खूण सरकली असेल तर एक थेंबही घालायचा नाही. दूध दट्ट्यानं ढकलू नका. दट्ट्या काढून सिरिंज बाळाच्या डोक्याच्या थोडी वर धरा, १५-२० मिनिटांत आपोआप उतरेल. शेवटी १-२ मिलि पाणी सोडून नळी धुवा, नाहीतर दूध आत फाटून नळी तुंबते.

गुटी, मध, साखरेचं पाणी, ग्राइप वॉटर, नारळपाणी, काही नको. इवल्याशा पोटात त्यांची जागा होते ती दुधाची जागा कमी करून. गुटीच्या सहाणेवरचे जंतू तर फुकट. शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर काढा. घरात विडी-सिगारेट कुणी ओढत असेल तर अंगणात सुद्धा नको, कपड्यांना धूर चिकटून आत येतो.

वजन आठवड्यातून दोनदा करा. तोच काटा, सकाळी, पाजायच्या आधी, अंगावर काही न ठेवता. अंगणवाडीचा काटा चालेल. आणि एक खाचखळगा लक्षात ठेवा. एका दिवसात ६०-७० ग्रॅम एकदम वाढलं, पापण्या सुजल्या, पोट टणक लागलं, तर ते बाळसं नाही, पाणी आहे.

लशींबद्दल नर्सताईंचा गैरसमज आहे, आणि तो फार पसरलेला आहे. हृदयाच्या बाळाला लशी इतर बाळांइतक्याच, किंबहुना जास्तच गरजेच्या. साधा न्यूमोनिया किंवा डांग्या खोकला दुसऱ्या बाळाला आठवडाभर आजारी पाडतो, तुमच्या मुलीला थेट व्हेंटिलेटरवर नेतो. दीड महिन्याचे डोस, म्हणजे पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल, याच आठवड्यात घ्या. सगळे सरकारी केंद्रात मोफत आहेत. नर्सताईंना अडचण वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून 'लसीकरणास हरकत नाही' एवढी एक ओळ लिहून न्या. ताप आला तर पॅरासिटामॉल द्यायचं, पण बाटली बघून. थेंबांच्या बाटलीत १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, लहान मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये २५. दोन्ही एकाच मापानं दिली की चौपट फरक पडतो. ३.३ किलोला एका वेळचे साधारण ३५ ते ५० मिलिग्रॅम. मात्र लशीशी संबंध नसलेला १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप या वयात घरी ठेवायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचं. सहा महिन्यांची झाली की फ्लूची लस, एक महिन्याच्या अंतरानं दोन डोस. तोवर घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर तिचं आपोआप संरक्षण होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली की जवळच्या लशींचं वेळापत्रक त्या हॉस्पिटलला कळवा. ऑपरेशनात रक्त चढवलं जातं, त्यामुळे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस कधी द्यायची, हेही त्यांनाच विचारा.

डाउन सिंड्रोमच्या बाकीच्या तपासण्या हृदयाच्या धांदलीत राहून जातात, आणि त्यातली एक तर वजनाशीच जोडलेली आहे: थायरॉइड. टीएसएच आणि टी-४ झालं नसेल तर उद्याच करा. थायरॉइड कमी असलेलं बाळ सुस्त असतं, पीत नाही, शी घट्ट होते, आणि सगळं खापर हृदयावर फुटतं. उपाय मात्र रोजची एक छोटी गोळी. रिपोर्ट चांगला आला तरी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी, पुन्हा करायचा. त्याच सुईत हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी करून घ्या. दोन-तीन महिन्यांच्या वयात हिमोग्लोबिन तसंही उतरतं, आणि रक्त पातळ झालं की हृदयावरचा भार आणखी वाढतो. क्षार आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) हेही बघून घ्या, फ्युरोसेमाइड चालू आहे म्हणून. कानांची बेरा तपासणी तीन महिन्यांच्या आत, डोळे सहा महिन्यांच्या आत, मोतीबिंदूसाठी. जन्मल्यावर पहिली काळी शी २४ तासांत झाली नव्हती आणि अजूनही पोट फुगून बद्धकोष्ठ होत असेल, तर आतड्याचं काही आहे का ते तपासावं लागतं. हिरवी उलटी झाली तर सरळ हॉस्पिटल गाठा.

गुणसूत्रांच्या रिपोर्टात 'ट्रान्सलोकेशन' (एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला) हा शब्द आहे का, ते पाहा. असेल तर तुम्हा दोघांची तपासणी लागते, पुढच्या बाळाच्या दृष्टीनं. नुसतं 'ट्रायसोमी २१' (एकविसावं गुणसूत्र एक जादा) असेल तर ती लागत नाही.

रोज झोपेत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची वर-खाली मोजा आणि वहीत लिहा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. तिचा नेहमीचा आकडा ५५ असेल तर तो तिचा पाया. त्याच्यावर दहा गेले, छाती बरगड्यांखाली आत ओढली जायला लागली, कण्हत श्वास घ्यायला लागली, लागोपाठ दोन वेळा निम्म्यापेक्षा कमी प्यायली, हातपाय गार पडले किंवा सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर १०८ ला फोन. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढचा फ्युरोसेमाइडचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण अंगातलं पाणी दोन्ही वाटांनी जातंय. ऑक्सिमीटर घेतला असेल तर पायाच्या पंजाला लावा, पाय गरम करून. गार पायावर आकडा खोटा कमी येतो. वारंवार ९० च्या खाली दिसलं तर कळवा.

ऑक्सिजनबद्दल मुद्दाम लिहितो. कुणीतरी घरी सिलिंडर किंवा मशीन आणून द्यायला निघेल. तुमच्या मुलीच्या आजारात ऑक्सिजन फुप्फुसाच्या वाहिन्या आणखी सैल करतो, म्हणजे लोंढा वाढवतो. न्यूमोनियात तो लागतो आणि डॉक्टर देतातच, पण 'असू दे, चांगलाच असतो' म्हणून रोज लावायचा नाही. तेच नेब्युलायझरचं. हृदयाच्या धापेतही छातीत शिट्टी वाजते, आणि बाळदमा समजून वाफांवर वाफा दिल्या जातात. त्या औषधानं ठोके वाढतात, मूळ कारण तसंच राहतं. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच: एव्ही कॅनाल आहे, फ्युरोसेमाइड चालू आहे.

पैशांचं. डाउन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष, दोन्ही २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे आरबीएसकेच्या, यादीत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या डॉक्टरांना गाठा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, चिठ्ठी देतात. पुढची फिजिओथेरपी आणि कान-डोळ्यांच्या तपासण्याही तिथून होतात. ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, तुमचं आधार, बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो जवळ ठेवा. बाळाचं आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढवायला आजच अर्ज टाका, ऐन वेळी हमखास इथंच अडतं. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलात मुलांची हृदयाची ऑपरेशन्स पूर्ण मोफत होतात. परळच्या वाडिया हॉस्पिटलातही लहान मुलांच्या हृदयाचा विभाग आहे. दोन ठिकाणी एकाच वेळी नाव नोंदवायला काही हरकत नाही, जिथं तारीख आधी मिळेल तिथं जा. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला ७५ टक्के सवलत असते. तिचा छापील फॉर्म हॉस्पिटलच्या सहीनं मिळतो.

हॉस्पिटल निवडताना लाजू नका, विचारा: पाच किलोच्या आतल्या बाळांची एव्ही कॅनालची ऑपरेशन्स इथं वर्षाला किती होतात? लहान मुलांचा वेगळा हृदय अतिदक्षता विभाग आहे का? चांगल्या केंद्रांत या ऑपरेशनमधून बहुसंख्य बाळं सुखरूप बाहेर येतात. पण कायमचं पेसमेकर लागणं, झडप गळणं, फुप्फुसातला दाब एकाएकी चढणं, छातीत दुधाळ पाणी साठणं हे धोके असतात, आणि ते तुम्हाला आधी सांगितले गेले पाहिजेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाउन सिंड्रोमची आठवण करून द्या. या मुलांची श्वासनलिका अरुंद असते, नळी लहान मापाची लागते, आणि मान सैल असल्यानं जपून हलवावी लागते. घरी आल्यावर सहा आठवडे तिला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, असंच. छातीला मालिशही तोवर बंद.

राहिलं बारसं. करा की. घरातल्या घरात, पाच-सहा माणसांत, दुपारच्या तिच्या पिण्याच्या दोन वेळांच्या मध्ये. सर्दी-खोकला असलेल्यानं दारातूनच नाव ऐकायचं, आत येणाऱ्यानं साबणानं हात धुवून यायचं, आणि मुके फक्त आईनं घ्यायचे. पाळण्यात अर्धा तास पुरे. धूप-उदबत्ती बाहेरच्या तुळशीपाशी लावा. गावजेवण ऑपरेशननंतर.